आधी रिपोर्ट, मग गूगल

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. ताई ४७ वर्षांच्या, राहणार उमरेडच्या. उजव्या स्तनात तीन सेंटीमीटरची गाठ, सोनोग्राफीत काखेतही एक संशयास्पद गाठ. नागपुरात बायोप्सी झाली, रिपोर्ट आला, डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे. मधल्या दिवसांत सगळं घर मोबाईलला चिकटलं आहे. पुण्यातला भाचा म्हणतो एक जीन टेस्ट करून घ्या, कीमो टळेल. शेजारच्या काकू म्हणतात सुई टोचली म्हणजे आता पसरणार. भाऊजींना कुणीतरी लक्ष्मणफळाचा व्हिडिओ पाठवला. धाकटी बहीण चाळीस वर्षांची, ती विचारते मी मॅमोग्राफी कधीपासून करू. आणि तुम्ही विचारता, नेटवरचं यातलं भरवशाचं काय आणि ते शोधायचं कुठे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बायोप्सीचा तुकडा शेवटी आमच्या मायक्रोस्कोपखाली येतो. पेशंटला आम्ही सहसा दिसत नाही, रिपोर्टखालची सही तेवढी दिसते. पण रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक काउंटरवरच मोबाईल काढतात, एकेक शब्द टाकून बघतात, आणि मग आत निरोप येतो: "मॅडमना दोन मिनिटं भेटता येईल काय जी? नेटवर तर ग्रेड थ्री म्हणजे शेवटची स्टेज असं लिहून राहिले." अशा भेटींतून माझं एक मत पक्कं झालं आहे. साइट खरी की खोटी हे नंतर बघायचं. आधी बघायचं ते हे की तिथलं लिखाण तुमच्या ताईंच्या आजाराबद्दल आहे का. स्तनाचा कर्करोग म्हणून जे ओळखलं जातं त्यात उपचारांच्या दृष्टीनं निरनिराळे आजार आहेत, आणि नावाजलेल्या साइटवरचं अगदी खरं पानसुद्धा दुसऱ्याच प्रकाराबद्दल असेल तर घरच्यांना भलतीकडे नेतं. म्हणून नेट उघडण्याआधी रिपोर्ट उघडू.

तुम्ही उतरवून पाठवलेली ओळ अशी: इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २, ईआर ७/८, पीआर ६/८, हर-टू २+, केआय-६७ ३० टक्के. पहिले तीन शब्द म्हणजे दुधाच्या नळ्यांत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला कर्करोग, आणि शेवटचा केआय-६७ म्हणजे वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण.

पहिल्यांदा ग्रेड. पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा हा हिशेब. आम्ही तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतो: पेशी अजून नळ्यांसारखी रचना करतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि विभाजन होत असलेल्या पेशी किती दिसतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर २, ८ किंवा ९ आली तर ३. चौथा ग्रेड यात नाहीच. स्टेज वेगळी. गाठ केवढी, काखेत गेली का, शरीरात आणखी कुठे पोचली का, यावरून ती ठरते. एक सेंटीमीटरची, काख मोकळी असलेली गाठ ग्रेड ३ ची असू शकते आणि तरी आजार सुरुवातीचाच असतो. 'ग्रेड' टाकून शोधलं की सर्च 'स्टेज'ची पानं पुढे करतो आणि घरात रडारड सुरू होते. तुमच्या रिपोर्टवर स्टेज लिहिलेलीच नाही, कारण सुईच्या बायोप्सीवरून ती पूर्ण सांगता येत नाही.

ईआर आणि पीआर हे हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीतल्या हार्मोन पकडणाऱ्या जागा. आठपैकी सात म्हणजे ईआर चांगलाच पॉझिटिव्ह. 'पॉझिटिव्ह' दिसलं की लोक धसका घेतात, पण इथे ती ताईंच्या बाजूची गोष्ट आहे: हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचा त्यांना उपयोग होईल. यातली टॅमॉक्सिफेन ही गोळी कित्येक दशकं वापरात आहे आणि स्वस्त आहे. म्हणजे 'ट्रिपल निगेटिव्ह'बद्दल (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेला प्रकार) घरात जे काही वाचून झालं असेल ते सगळं बाजूला ठेवा, ते ताईंचं नाही.

आता हर-टू (पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन) २+. या ओळीत खरी अडकलेली गोष्ट ही आहे. ० आणि १+ ला निगेटिव्ह म्हणतात, ३+ ला पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे या तपासणीत ठरत नाही, फिश नावाची पुढची तपासणी करा. फिशचा निकाल येईपर्यंत हर-टू पॉझिटिव्हची पानं वाचून महागड्या इंजेक्शनच्या किमतींनी घाबरायचं कारण नाही, आणि हर-टू निगेटिव्हची पानं वाचून हायसं वाटून घेण्यातही अर्थ नाही. एक काम मात्र आजच करा. दवाखान्यात फोन करून विचारा की बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) फिशसाठी गेला का. पुष्कळदा असं होतं की कुणी सांगेपर्यंत तो कपाटातच असतो, आणि पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणतात फिश करून या. तुमच्यासारख्यांना उमरेडहून एक खेप जास्त पडते.

भाच्याच्या जीन टेस्टचं बघा. तो खोटं सांगत नाही. ऑन्कोटाइप नावाची, गाठीतले जीन बघणारी टेस्ट खरोखर आहे, आणि तिच्यामुळे बऱ्याच बायकांची कीमो टळते. पण ती हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह अशा सुरुवातीच्या आजारासाठी आहे. ताईंचं हर-टू अजून ठरायचं आहे. शिवाय ताईंच्या काखेत आजार गेलेला असण्याची शक्यता आहे, आणि ४७ व्या वर्षी पाळी चालू असू शकते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असं दिसलं की पाळी चालू असलेल्या आणि काखेत आजार असलेल्या बायकांना टेस्टचा स्कोअर कमी आला तरी कीमोचा फायदा होतो. पाळी गेलेल्या बायकांत तो दिसला नाही. म्हणजे एकच टेस्ट, एकच खरी माहिती, आणि सासूला लागू पडणारी गोष्ट सुनेला लागू पडत नाही. भाच्यानं वाचलेल्या पानावर हे कुठेतरी खाली लिहिलेलंही असेल. तिथपर्यंत सहसा कुणी जात नाही.

म्हणून शोधताना नुसतं 'ब्रेस्ट कॅन्सर ट्रीटमेंट' असं टाकू नका. वय, पाळी चालू की बंद, ईआर, हर-टू, गाठ किती सेंटीमीटरची, काखेत आहे की नाही, हे एका कागदावर लिहा आणि त्यातले शब्द घालून शोधा. तोच कागद डॉक्टरांकडेही न्या.

ज्यांच्या हातात अजून बायोप्सी नाही, फक्त मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आहे, त्यांनी रिपोर्टच्या शेवटी बाय-रॅड्सचा आकडा बघावा. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो लागतील. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता दोन टक्क्यांपर्यंतच, थोड्या महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे बायोप्सी करा, आणि ही पायरी फार रुंद आहे, दोनपासून ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणून ४ए, ४बी, ४सी असे भाग करतात. ५ म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त. ४ए आलेल्या बाईनं रात्रभर बसून शेवटच्या स्टेजबद्दल वाचावं, असं या आकड्यात काही नाही. तरुण बायकांच्या स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात.

काकूंच्या सुईबद्दलही इथेच सांगते, कारण ही भीती नेटपेक्षा जुनी आहे आणि नेटनं तिला नवा जोर दिला. जाड सुईनं तुकडा घेऊन तपासणं ही जगभरची पद्धत आहे, त्यानं आजार पसरत नाही. खरं नुकसान उलट वागण्यानं होतं. लहान दवाखान्यात 'साधी गाठ आहे' म्हणून कापून काढतात, तपासायला पाठवत नाहीत, आणि वर्षभरानं त्याच जागी दुसरी गाठ घेऊन बाई येते. किंवा पाठवतात, पण फॉर्मॅलिनऐवजी (तुकडा टिकवणारं द्रावण) सलाईनच्या बाटलीत. तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही तर ईआर चुकून निगेटिव्ह येऊ शकतो आणि बाईची पाच-दहा वर्षांची गोळी हुकते. सुईवर व्हिडिओ करणाऱ्यांनी जरा या बाटलीवर केले असते तर बरं झालं असतं.

आता साइटकडे येऊ. पहिली अडचण देशाची. धाकट्या बहिणीचा प्रश्न नमुना म्हणून घ्या. अमेरिकेच्या सरकारी समितीची २०२४ ची शिफारस सांगते, चाळिशीपासून ७४ पर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावते. आपल्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयात पाच वर्षांतून एकदा प्रशिक्षित व्यक्तीनं हातानं स्तन तपासायचे, असं आहे. तिन्ही जागा भरवशाच्या, तिन्ही उत्तरं वेगळी. यात खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येकानं आपल्या देशात कोणत्या वयात आजार दिसतो, किती यंत्रं आहेत, किती खर्च झेपतो हे बघून ठरवलं आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानानं साधारण दहा वर्षं लवकर दिसतो, आणि कमी वयात स्तन घट्ट असल्यानं मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. हातानं तपासण्याला आपण कमी लेखतो. टाटा मेमोरियलनं मुंबईतल्या दीड लाखांवर बायकांवर वीस वर्षं केलेला अभ्यास २०२१ साली आला, त्यात पन्नाशीपुढच्या बायकांत अशा तपासणीनं मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले, पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फरक पडला नाही. आणि तुमच्या धाकट्या बहिणीला यातलं कोणतंच सरसकट उत्तर पुरत नाही, कारण सख्ख्या बहिणीला पन्नाशीच्या आत कर्करोग झाला आहे. अशा वेळी ताईंची बीआरसीए जीनची (आनुवंशिक दोष शोधणारी) तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारायचं. ताईंत दोष सापडला तर मग बहिणींची. ही जीनची तपासणी भाच्याच्या टेस्टपेक्षा निराळी, गल्लत करू नका.

जगण्याच्या टक्केवारीचंही असंच. अमेरिकी साइटवर गाठ स्तनापुरती असेल तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर दिसतं. आपल्या ११ नोंदणी केंद्रांच्या आकड्यांवरून २०२४ साली निघालेल्या अभ्यासात तेच सुमारे ८१ आहे, आणि सगळ्या स्टेज धरून सुमारे ६६. तिकडच्या आकड्यात मॅमोग्राफीत सापडलेल्या, हाताला न लागणाऱ्या बारीक गाठी पुष्कळ असतात. इकडे गाठ हाताला लागल्यावर लोक येतात, आणि उपचार अर्धवट सोडणारेही असतात. दोन्ही आकडे खरे, पण दोन्ही हजारो बायकांचे. ताईंना त्यातून एवढंच घेता येतं की कोर्स पूर्ण करायचा.

औषधांच्या किमतींनाही देशाचं भान लागतं. परदेशी पानावर ट्रास्टुझुमॅबची (हर-टू पॉझिटिव्ह आजारावरचं इंजेक्शन) किंमत डॉलरमध्ये वाचून माणसं शेत विकायच्या गोष्टी करतात. भारतात २०१४ पासून याच औषधाचे इथे तयार झालेले पर्याय मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मानमध्ये कर्करोगाचे उपचार बसतात. कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते योजनेच्या सरकारी साइटवर बघा किंवा १५५३८८ वर विचारा, 'कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला विचारू नका. नागपूरच्या मेडिकलसारख्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, कागदपत्रांचं खरं ज्ञान त्यांच्याकडे.

मी स्वतः नातेवाइकांना ज्या जागा सांगते त्या मोजक्याच आहेत. उपचारांचा भारतीय आराखडा हवा तर नॅशनल कॅन्सर ग्रिड. देशातल्या कर्करोग रुग्णालयांचं हे जाळं २०१२ साली टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं उभं राहिलं आणि त्यांची मार्गदर्शक तत्त्वं फुकट वाचता येतात. भाषा डॉक्टरी आहे, पण भाच्यासारख्यानं वाचून काढली तर समजतील. तपासणी, लक्षणं, प्रतिबंध यासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थेनं चालवलेलं 'इंडिया अगेन्स्ट कॅन्सर'. एकेक उपचार म्हणजे नेमकं काय, केस कधी परत येतात, हात सुजला तर काय, अशा रोजच्या प्रश्नांना कॅन्सर रिसर्च यूके आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी. सोप्या भाषेत आणि चित्रांसकट उपचारांच्या वाटा बघायच्या तर अमेरिकेच्या एनसीसीएनच्या (तिथल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं) पेशंटसाठीच्या पुस्तिका. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची साइट फारच चांगली, तिच्यात बऱ्याच विषयांची दोन पानं असतात, एक पेशंटसाठी आणि एक डॉक्टरांसाठी. नागपूरकरांची इथे एक गंमत होते. आपल्या जामठ्याच्या रुग्णालयाचं नावही नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच. सर्चमध्ये दोन्ही एकाखाली एक येतात आणि लोक अमेरिकेचं पान वाचून "जामठ्याला असं सांगतात" म्हणून येतात. पत्त्याच्या पट्टीत काय लिहिलं आहे तेवढं बघत जा.

मराठीत शोधलं तर हाती फार कमी लागतं. बरीचशी पानं वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांची नाहीतर खासगी रुग्णालयांची असतात. रुग्णालयांची पानं मी वाईट म्हणणार नाही, शब्द समजावून घ्यायला ती ठीक असतात. पण जिथे यंत्राचं नाव यायला लागतं तिथे सावध व्हा. 'संपूर्ण शरीराचा पेट-सीटी (आजार कुठे पसरला ते बघणारा स्कॅन) करून घ्या' हे त्यातलंच. काही लक्षणं नसलेल्या सुरुवातीच्या आजारात पेट-सीटी सरसकट लागत नाही. ताईंची काखेतली गाठ धरून डॉक्टर तो सांगतीलही, मग तो करायचा, पण साइटनं सांगितला म्हणून नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर 'प्रायोजित' असं बारीक लिहिलेलं असतं, ती जाहिरात असते.

पान चांगलं की नाही हे ओळखायला मी तीन-चार गोष्टी बघते. कुणी लिहिलं आणि कुणी तपासलं याची नावं आहेत का. शेवटी केव्हा तपासलं त्याची तारीख आहे का. ही तारीख लोकांना किरकोळ वाटते, आमच्या विषयात ती किरकोळ नाही. २०२२ पर्यंत हर-टू १+ किंवा फिशमध्ये निगेटिव्ह आलेल्या २+ ला आम्ही निगेटिव्ह म्हणून मोकळे व्हायचो. त्या वर्षी एका नव्या औषधाच्या चाचणीत, शरीरात पसरलेल्या आजारात, अशा बायकांनाही फायदा दिसला आणि 'हर-टू लो' हा गट वापरात आला. त्याआधीचं पान खोटं म्हणता येत नाही, शिळं आहे एवढंच. तिसरं म्हणजे उपचाराचे तोटे लिहिले आहेत का. प्रामाणिक पानावर कीमोच्या मळमळीपासून हृदयावरच्या परिणामांपर्यंत सगळं असतं, आणि 'अमुक बाबतीत अजून खात्रीनं सांगता येत नाही' असंही असतं. ज्या पानावर नुसते फायदे, तिथे खाली विकत घ्यायचं बटण असतंच. शेवटचं, हे कुणावर तपासलं. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरावर, की माणसावर?

या शेवटच्या प्रश्नावर भाऊजींचं लक्ष्मणफळ पडतं. हे सीताफळाच्या, रामफळाच्या घराण्यातलं. 'कीमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी' हा मेसेज मी इतक्या मोबाईलवर पाहिला आहे की त्यातली स्वल्पविरामाची चूकही ओळखते. फळाच्या अर्कानं प्रयोगशाळेतल्या काही पेशी मेल्या हे खरं. पण बशीतल्या पेशी फिनाइलनंही मरतात. माणसाचा कर्करोग या फळानं बरा झाल्याचा पुरावा नाही, आणि ते भरपूर खाणाऱ्यांत पार्किन्सनसारख्या आजाराचा संबंध कॅरिबियन बेटांवरच्या डॉक्टरांनी दाखवला आहे. असाच गरम नारळपाण्याचा मेसेज टाटा मेमोरियलचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावानं फिरला होता. २०१९ साली रुग्णालयाला जाहीर सांगावं लागलं की हे आमचं नाही. मोठ्या डॉक्टरचं नाव, मोठ्या संस्थेचं नाव, आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा', हे तिन्ही एकत्र दिसले की मेसेज पुढे न पाठवता पुसून टाका. नाव खरं वाटलं तर त्या संस्थेच्या साइटवर जाऊन बघायला दोन मिनिटं लागतात.

खऱ्या घटनेचं अर्धंच सांगणं हा याहून अवघड प्रकार. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या स्टेजचा स्तनाचा कर्करोग कसा हटला ते सांगताना हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि खाण्याच्या वेळा यांचा पाढा वाचला. व्हिडिओ घराघरांत पोचला. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि कीमोही झाली होती, ते मात्र फॉरवर्ड करणाऱ्यांनी गाळलं. टाटाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढून लोकांना विनवलं की या भरवशावर उपचार लांबवू नका. पुढे सिद्धू यांनीही आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि उपचारांच्या जोडीला होता, असा खुलासा केला. खुलासा मात्र व्हिडिओइतका फिरला नाही. म्हणून 'अमुक बाई यानं बरी झाली' असं ऐकलं की एकच विचारायचं: त्याआधी आणि त्यासोबत काय झालं होतं?

घरगुती उपायांवर माझा राग नाही, हळदीचं दूध ताईंनी खुशाल प्यावं. पण उपचारांऐवजी म्हणाल तर आकडा ऐका. अमेरिकेत येलच्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीरात न पसरलेला स्तनाचा कर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या बायकांत मृत्यूचं प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त होतं. उपचारांसोबत म्हणाल तरी काढे आणि कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या काही केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवल्या. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद आहे. पण कीमोच्या बऱ्याच औषधांचा निचरा यकृतातूनच होतो, तेव्हा त्या काळात हा प्रयोग कशाला? एखादी वनस्पती कोणत्या औषधाशी भांडते हे बघायला न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाचं 'अबाउट हर्ब्ज' हे पान चांगलं आहे, त्यात अश्वगंधा, हळद सगळं सापडतं. आणि 'कॅन्सर हमखास बरा' अशी जाहिरात दिसली तर एवढं लक्षात ठेवा की औषधानं कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

व्हिडिओत बोलणारा डॉक्टर कोण, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. नोंदणी असली तरी तो कर्करोगाचा की हाडांचा हेही बघा. चॅटबॉटचा उपयोग मी नाकारत नाही. रिपोर्टमधला शब्द सोप्या मराठीत समजावून घ्यायला, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला तो कामाचा आहे. पण तो आत्मविश्वासानं नसलेले अभ्यास उभे करतो, आणि तुम्ही सांगितलं नाही तर पाळीचं विचारेलच असं नाही. त्यानं दिलेला आकडा वरच्या एखाद्या साइटवर सापडला तरच धरायचा. रिपोर्टचा फोटो टाकणार असाल तर नाव, मोबाईल नंबर आणि बायोप्सी नंबर झाकून टाका.

आणि घरात एक माणूस ठरवा, शक्यतो तो भाचाच, जो वाचेल. बाकीच्यांनी आलेलं त्याच्याकडे पाठवायचं. ताईंच्या मोबाईलवर कुणी काही पाठवायचं नाही, त्यांनी स्वतः मागितलं तर वेगळं. काही बायकांना सगळं वाचायचं असतं, काहींना एक ओळही नको असते, आणि हे त्यांनाच विचारायला लोक विसरतात.

वाचून झाल्यावरही मन मानत नसेल तर दुसरं मत घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड आणि टाटा मेमोरियलशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे, कागद अपलोड केले की तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं, मुंबईला जावं लागत नाही. पण मुंबईला गेलातच तर ते आमच्या रिपोर्टवर थांबणार नाहीत, काचा (तुकड्याच्या स्लाइड) आणि ब्लॉक मागतील आणि स्वतः पुन्हा बघतील. लॅबकडे रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर, ताईंचं ओळखपत्र आणि साधा अर्ज दिला की ते मिळतात, सही करून घ्यावे लागतात. मेणाचा ब्लॉक आहे, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. सुईच्या बायोप्सीत मुळात ऊतक थोडं असतं आणि ब्लॉक बहुधा एकच असतो, तोच फिशलाही लागणार आहे आणि दुसऱ्या मतालाही. म्हणून आधी फिश होऊ द्या, ब्लॉक परत आला की मग मुंबईचं तिकीट काढा.